शेपटीचे सात केस

सखुबाईंनी शेपूट धरलं, पण भलत्याच म्हशीचं.

चंद्री भारी लाथाळ. एका लाथेत तिनं दूधवाल्याची स्कूटर पार मानेसरच्या हायवेपर्यंत पोचवली, असं सखुबाईच त्या हरियाणवी गावभर सांगायच्या. म्हणून जनावरांचे डॉक्टर गोठ्याबाहेरच थांबले. शेजारी हवालदार आणि चौधरी.

“जड से खींचना, माताजी. सात बाल बस,” डॉक्टर म्हणाले.

दोन वर्षांपूर्वी चौधरीची पारडी चोरीला गेली होती. वाढलेली म्हैस ओळखणार कोण? पण पारडीची आई अजून त्याच्या दारात होती. लॅबमध्ये मायलेकींच्या केसांचा डीएनए जुळला की चोर सापडला.

आणि चंद्री दोन वर्षांपूर्वीच धुक्यात रस्त्यावर सापडलेली. सखुबाईंनी आणून बांधली, कुणाला विचारलं नाही. आता तिचे केस जुळले तर चोर त्याच ठरणार. त्यांनी शेजारच्या खुंट्यावरच्या दुसऱ्या म्हशीचे, मैनेचे, केस उपटून दिले. मैनेची चिंता नव्हती. ती त्यांच्या नवऱ्यानं, मारुतरावांनी, चंद्री आली त्याच महिन्यात बाजारातून आणलेली. फौजेतला माणूस, पावती कायम शर्टाच्या खिशात.

डॉक्टरांनी पाकिटावर ‘चंद्री’ लिहिलं. केस बदलल्याचं सखुबाईंनी नवऱ्यालाही सांगितलं नाही.

मग वीस दिवस फाटक वाजलं की सखुबाईंना बेड्याच वाजल्यासारख्या वाटायच्या. तीनदा दूध उतू गेलं.

“अहो, तुरुंगात मला म्हशी तरी राखायला देतील का?”

“काहीतरीच तुझं. सापडलीय म्हणून सांगू. मैनेसारखी पावती असती तर प्रश्नच नव्हता,” म्हणत मारुतराव खिसा थोपटायचे.

एकविसाव्या दिवशी हवालदार चौधरीला घेऊन आला.

“मॅच हो गया, माताजी. चंद्री इनकी है.”

सखुबाईंना आधी उमजेचना. केस तर मैनेचे. मग मैनेची ती पावती आठवली. त्यांनी नवऱ्याकडे बघितलं.

“भटक के आ गई होगी,” चौधरी म्हणाला. “भैंस मिल गई, मुझे थाना-कचहरी नहीं करनी.”

“जाऊ दे गं. देऊन टाक चंद्री,” मारुतराव घाईनं म्हणाले.

सखुबाई गोठ्यात गेल्या. चंद्रीनं त्यांचा हात चाटला. त्यांनी दुसऱ्या खुंट्याचं दावं सोडलं आणि मैनेला बाहेर आणून दावं हवालदाराच्या हातात दिलं.

“ये लो. चंद्री.”

मारुतरावांनी मैनेकडे बघितलं, मग बायकोकडे. हात सवयीनं खिशावर गेला, आणि तिथंच राहिला.