शेवटच्या खोलीपर्यंत

तुरात रशियातून कायमचा परत आला, तेव्हा डोंगरातल्या त्याच्या नारिन गावात थंडीने चांगलाच जोर धरला होता. घरात शिरून त्याने कोट खुंटीला अडकवला, तोच त्याच्या कानावर तो आवाज पडला. घर्रर्र, घर्रर्र. लांब कुठेतरी भरलेला ट्रक घाट चढत असावा तसा; पण हा ट्रक चढ संपवून पुढे काही जाईना. मध्येच आवाज वाढे, मग कपाटातले पेले एकमेकांना लागून किणकिणत.

"हे काय वाजतंय?" त्याने विचारलं.

त्याची बायको बुरुल कणीक मळत होती. "काय?"

"अगं हेच! हे घरघरणं!"

"हे होय? नळ." असं म्हणून तिने गोळा उलटा करून पुन्हा थापला.

ते घर तुरातनेच बांधलेलं. रशियाला जाण्याआधीच्या उन्हाळ्यात गरम पाणी फिरवून घर उबदार ठेवण्याचं सगळं कामही त्याने स्वतःच्या हाताने केलं होतं. पडवीत कोळशाचा बॉयलर, त्याच्या शेजारी तापलेलं पाणी पुढे ढकलणारा पंप, आणि तिथून भिंतीभिंतीने खोल्यांमधल्या लोखंडी रेडिएटरपर्यंत गेलेले नळ. सगळ्यात शेवटची खोली त्याने आईसाठी मागाहून वाढवली होती. ती आई, घरातल्या सगळ्यांची आपा, तीन हिवाळ्यांपूर्वी त्याच खोलीत वारली. त्या वेळी तुरातचे कागद मॉस्कोजवळच्या एका कचेरीत अडकले होते. त्याला येता आलं नाही.

आता तो आला होता खरा, पण घर काही त्याला आपलं म्हणेना. साखर कुठल्या डब्यात असते ते त्याला माहीत नव्हतं. अकरा वर्षांची मीरिम त्याच्याशी पाहुण्याशी बोलावं तसं जपून बोलायची. कुत्रा तर सकाळ-संध्याकाळ नव्याने भुंकायचा. अशात घरात एक गोष्ट बिघडलेली सापडली, याचा तुरातला मनातून आनंदच झाला. हे काम आपलं. हे आपल्याला जमतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो पाना घेऊन बसला. खटपटीचा आवाज ऐकून शेजारचे शेयशेन-आके टोपी सावरत आले. वय सत्तरीचं, आणि कुणी काही दुरुस्त करत असलं की त्यांचे पाय आपोआप तिकडे वळत.

"हवा असणार," जोडे काढता काढताच त्यांनी निदान केलं. "तुझ्या नळात हवा, माझ्या पोटात हवा. वय झालं की सगळीकडे हवाच."

"घर सहा वर्षांचं आहे, आके."

"मग घर लवकर म्हातारं झालंय. तू नव्हतास ना."

ते सहज बोलले, पण तुरातच्या हातातला पाना क्षणभर थांबला. मग त्याने एकेक रेडिएटर सैल करून हवा सोडली. थोडी फुसफुस झाली, काळं पाणी तांब्यात पडलं. पंप चालू केला. घर्रर्र.

मग पंपाची पाळी आली. तो उतरवून तुरातने उघडला, आतला गंजाचा चिखल खरवडला, धुतला, खाली जाड रबर घालून पुन्हा बसवला. तासभर आवाज जरा नरमला. तुरात ऐटीत चहाला बसला आणि पहिला घोट घेतो तोच पेले पुन्हा किणकिणू लागले. मीरिमला हसू आवरेना. आईने डोळे वटारले तशी ती नानचा तुकडा तोंडात कोंबून बाहेर पळाली.

तिसऱ्या दिवशी तो नळांच्या मागे लागला. भिंतीशी वाकून पाहतो तर काय, नळ आणि भिंत यांच्या मध्ये जागोजागी काहीबाही खुपसलेलं. नमद्याचे जाड लोकरी तुकडे, लाकडाच्या पाचरी, एक जुना मोजा, मीरिमच्या लहानपणच्या हातमोज्याचा अंगठा.

"ही कसली गबाळी कामं?" तो ओरडला. "कुणी केलं हे?"

"त्याने जरा कमी वाजतं," बुरुल म्हणाली.

"असं नसतं करायचं. नळ घट्ट धरायला हवा, म्हणजे तो हलणारच नाही."

त्याने ते सगळं उपटून काढलं आणि बाजारातून लोखंडी पट्ट्या आणून नळ भिंतीला आवळून टाकले. काम सुरेख दिसत होतं. मग त्याने पंप चालू केला आणि भिंतच्या भिंत ढोलासारखी घुमू लागली. छताजवळचा गिलाव्याचा पोपडा सुटून चुलीजवळ पडला. मीरिमने कानात बोटं घातली.

जमिनीवरचे नमद्याचे तुकडे बुरुलने एकेक करून ओच्यात गोळा केले आणि पडवीत नेऊन ठेवले. ती चिडली असती तर बरं झालं असतं, असं तुरातला वाटलं. भांडायचं असलं तर माणूस आपला असावा लागतो. ती मात्र पाहुण्याच्या हातून कप फुटल्यावर घरधनीण वागते तशी वागली.

"अरे बाबा," शेयशेन-आके पोपड्याकडे बघत म्हणाले, "तू नळ पकडलास, पण तो थरथरतो कशाने ते पाहिलंस का? पाण्याला जायला वाट आहे ना नीट? माझ्या मेहुण्याकडे असंच होत होतं. बारीक फटीतून जोर लावून पाणी घातलं की ते बोंबलणारच."

तुरातने स्वयंपाकघरातल्या रेडिएटरचा व्हॉल्व्ह फिरवून पाहिला. तो जवळजवळ बंद होता. निजायच्या खोलीतला तसाच. मीरिमचा अभ्यासाचा कोपरा होता तिथलाही. पंपाच्या पोटावर वेगाचं एक बटण होतं, त्यावर एक, दोन, तीन असे आकडे. ते तीनवर होतं; पंप धुताना त्याचं तिकडे लक्षच गेलं नव्हतं. तुरातने स्वतः ते एकवर ठेवून घर सोडलं होतं.

म्हणजे सगळ्या वाटा आवळून ठेवलेल्या आणि मागून पंप पुऱ्या ताकदीने रेटतोय. नळ ओरडतील नाही तर काय!

"बुरुल! हे व्हॉल्व्ह कुणी बंद केले? आणि पंप तीनवर कुणी नेला?"

"मीच."

"तू? आणि वर मलाच विचारलंस 'काय?' म्हणून?"

शेयशेन-आकेंनी टोपी डोक्यावर ठेवली. "माझी मेंढी एकटी आहे," असं काहीतरी पुटपुटत ते निघून गेले. त्यांच्याकडे मेंढ्या नव्हत्या.

बुरुलने हात पुसले. "आपांच्या खोलीत ऊब पोचत नव्हती," ती म्हणाली. "तो शेवटचा रेडिएटर कोमटच असायचा. त्या आजारी पडल्या, तेव्हा मी म्हटलं, तुम्ही इकडे आमच्या खोलीत या. ऐकेचनात. म्हणाल्या, पोराने माझ्यासाठी बांधलेली खोली सोडून मी कुठे जाऊ? रात्रभर त्यांचे पाय बर्फासारखे. मग मी एकेक करून आमचे व्हॉल्व्ह आवळले आणि पंप वाढवला. तेव्हा कुठे तिकडे ऊब यायला लागली."

"आणि तुम्ही?"

"आम्ही काय, कोट घालून झोपायचो. मीरिमला माझ्या कुशीत घ्यायचे. चालतं तेवढं."

"आवाजाने आपाला त्रास नाही झाला?"

"उलट. वीज गेली आणि पंप थांबला की हाक मारायच्या. वाजतंय म्हणजे ऊब येतेय, हे त्यांना कळलं होतं."

तुरात खाली बसला. बांधकामाच्या जागेवरच्या पत्र्याच्या खोलीतून तो दर आठवड्याला घरी फोन करायचा. बुरुल नेहमी ओरडून बोलायची. लाइन खराब असेल असं त्याला वाटे. कधी वाटे, ही वैतागली आहे. त्या घरघरीवर आवाज चढवून ती 'सगळं ठीक आहे' असं सांगत होती, हे त्याच्या आत्ता लक्षात आलं.

"मला का नाही सांगितलंस?"

"सांगून काय केलं असतंत तिथून?" तिच्या बोलण्यात राग नव्हता. "त्या गेल्यावर बटण खाली करायला गेले होते एकदा. हात पुढे होईना. मग सवय झाली."

"दारात कोण उभं राहिलं होतं?" त्याने विचारलं. आई गेल्यावर मुलाने दाराबाहेर काठीवर वाकून हंबरडा फोडायचा असतो. तीन वर्षं हा प्रश्न त्याने फोनवर कधी विचारला नव्हता.

"शेयशेन-आके. येणारा प्रत्येक माणूस आधी त्यांच्या गळ्यात पडला. घसा बसेपर्यंत रडले ते. तुम्हाला बोलले नाहीत कधी?"

तुरातने नकारार्थी मान हलवली. मग तो उठला. पंप एकवर आणला आणि सगळे व्हॉल्व्ह उघडले. नळांची घरघर उतरत उतरत गेली आणि थांबली. चुलीवरच्या किटलीचा आवाज ऐकू यायला लागला. मीरिम दारातून डोकावून जोरात ओरडली, "वीज गेली का?" आणि स्वतःच्याच आवाजाने दचकली.

तुरात शेवटच्या खोलीत गेला. आपाचा पलंग तसाच होता, वर घडी घातलेली गोधडी. रेडिएटरवर हात ठेवून तो बसून राहिला. हळूहळू तापलेलं लोखंड कोमट झालं, मग गार पडत गेलं. त्याने नळ चाचपत उलटा माग काढला. पेटाऱ्यामागे सांधा लागला. तिथपर्यंत पाऊण इंची नळ होता, तिथून पुढे अर्धा इंची. त्या उन्हाळ्यात जाड नळ संपला होता, तिकीट खिशात होतं, आणि घरात पडलेला बारीक नळ त्याने जोडून टाकला होता. पुढच्या वर्षी बदलू, असं म्हणून. पुढचं वर्ष तिकडेच गेलं, त्याच्या पुढचंही.

तो पेटारा ढकलून पुन्हा सांध्याकडे बघत राहिला. ओरडायला आता दुसरं कुणी उरलं नव्हतं.

सकाळी तो शेयशेन-आकेंच्या दारात गेला. काय बोलायचं ते वाटेत दोनदा जुळवलं होतं, पण म्हाताऱ्याने दार उघडल्यावर त्यातलं काहीच आठवेना. त्याने नुसती त्यांना मिठी मारली. म्हाताऱ्याने त्याच्या पाठीवर थोपटलं आणि जरा वेळाने विचारलं, "आज काय तोडायचं आहे?"

दोघांनी बॉयलर विझवला, पाणी बाहेर सोडलं. बारीक नळ कापून काढला, जाड नळ बसवला. लोखंडी पट्ट्या सैल केल्या, आणि पडवीत जाऊन तुरातने बुरुलचे नमद्याचे तुकडे आणून नळाखाली व्यवस्थित सरकवले. घरात सगळे कोट घालून वावरत होते, बोलताना तोंडातून वाफ निघत होती. शेयशेन-आके दर दहा मिनिटांनी चहा मागत होते आणि दर वेळी तो आधीच्यापेक्षा पातळ असल्याची तक्रार करत होते. दुपारी पुन्हा आग पेटली. पंप एकवरच ठेवला होता. शेवटच्या रेडिएटरला हात लावून मीरिम म्हणाली, "बाबा, भाजतंय!" त्याला 'बाबा' अशी हाक मारायला ती इतके दिवस कचरत होती, हे ती बहुधा विसरली.

बुरुल बघायला म्हणून त्या खोलीत गेली आणि पलंगाच्या कडेला टेकली. थोड्या वेळाने तुरात अवजारं उचलायला गेला, तर ती गोधडीवर आडवी होऊन झोपली होती. डोक्याचा रुमालही सोडला नव्हता. भर दिवसा तिला झोपलेलं त्याने कधी पाहिलं नव्हतं. त्याने दार ओढून घेतलं आणि मीरिमला खुणेने गप्प केलं.

तिन्हीसांजेला ती धडपडत उठून बाहेर आली. "अगं बाई, गाय! गाईची धार राहिली!"

"काढली," तुरात म्हणाला. त्याच्या विजारीवर गुडघ्यापर्यंत शेण होतं.

तिने बादलीत डोकावून पाहिलं. तळाशी जेमतेम वाटीभर दूध. "एवढंच?"

"लाथ मारली तिने. मला ओळखत नाही ती."

"मग उद्या सकाळी माझ्याबरोबर चला गोठ्यात," बुरुल म्हणाली आणि बादली उचलून दूध गाळायला गेली.