फितीत न मावणारा दंड

ताईने आजवर हजारो दंड मापले होते, पण आठवड्यात दीड इंच वाढलेला दंड तिने पहिल्यांदाच पाहिला. तोही सख्ख्या धाकट्या भावाचा. आणि एकटा उजवाच.

"काय रे, उजवाच जिमला जातो का? डावा घरी झोपतो वाटतं!"

घरात सगळे त्याला पैलवान म्हणत. कुस्ती त्याने बापजन्मात खेळली नव्हती. पाण्याचा जार उचलायला सांगितला की स्वारीची कंबर धरायची. दंड मात्र कापडात तटतटलेला दिसला पाहिजे! शरीरसौष्ठव स्पर्धेच्या फलकावर फोटो लागणार होता, म्हणून बाही अगदी चिकटून हवी असा हुकूम घेऊन तो तिच्या शिलाई मशीनपुढे उभा होता.

तिने फीत पुन्हा गुंडाळली तसा पैलवान कळवळला. कातडं तापलेलं होतं. माप घेताना अंगठा मांसात जरा रुततो, हे तिच्या हाताला पाठ होतं. इथे तो दगडावर टेकल्यासारखा झाला.

"खरं बोल. काय भरलंयस आत?"

"तेल. कोच इंजेक्शन देतो. सगळेच घेतात, ताई. स्नायू जागा होतोय म्हणून दुखतं. शेक दे म्हणालाय."

"स्नायू जागा झाला आणि अक्कल झोपली! गादीत कापूस भरावा तसं अंगात तेल भरून घेतलंस, गाढवा?"

"आज डाव्यात घेणार आहे. दोन्ही सारखे दिसायला नकोत का?"

आता मात्र ताईचं टाळकंच सटकलं. एक सडतोय, तर जोडीला दुसराही सडवायचा! तिने कात्री आपटली, दुकानाचं शटर ओढलं आणि त्याचा डावा हात धरून त्याला फरफटत दवाखान्यात नेलं. वाटेत त्याने कोचला फोन लावला. "माझं नाव कुठे घेऊ नकोस," एवढं बोलून त्या महाभागाने फोन ठेवला. वा रे गुरू!

डॉक्टरांनी दंड दाबून पाहिला. "आत पू झालाय. तेल मांसात मुरलंय, ते पिळून निघत नाही. खराब झालेलं मांस कापावं लागेल. शेकत बसला असता तर हातच गेला असता."

महिन्याभराने पैलवान पुन्हा दुकानात आला. ताईने फीत लावली. डावा चौदा, उजवा साडेदहा. कापताना बोटांकडे जाणारी एक नसही दुखावली होती.

"ताई, उजव्या बाहीत आतून पॅड लावशील? फोटोपुरतं."

"अजून फोटोच? अरे, हे आधी मागितलं असतंस तर सुई कापडात गेली असती!"

तो शर्ट घालून बटण लावायला गेला. उजव्या बोटांतून बटण निसटलं. पुन्हा निसटलं. तिसऱ्यांदा त्याने तोंड भिंतीकडे फिरवलं.

ताईला त्याच्या थोबाडीत द्यावीशी वाटली आणि रडूही फुटलं. तिने त्याच्या अंगावरून शर्ट उतरवला, सगळी बटणं कापून टाकली आणि लहान मुलांच्या कपड्यांना लावतात ती वेल्क्रोची चिकटपट्टी शिवायला बसली.