इतवारी ट्रकातून उतरत नाही

मी इतवारी बोलतेय. जातीची हत्तीण, रविवारी जन्मले म्हणून हे नाव. या घडीला मी एका ट्रकात उभी आहे. पाय एका जागी ठरत नाहीत, तेव्हा बोलता बोलता फळ्या वाजल्या तर सांभाळून घ्या.

माझा जन्म गडचिरोलीच्या याच जंगलातला, वनखात्याच्या कॅम्पातला. आम्ही चौघं. माझी आई गौरा सगळ्यांत थोरली. दात झिजलेत, एका डोळ्यानं दिसत नाही. पण तिनं हाक दिली की चरणं सोडून जायचं. ती हाक पोटातून घुमते, माणसांना धड ऐकूही येत नाही. मी ती आजवर मोडलेली नाही. आईनंतर मी, मग धाकटा भाऊ भीमा, शेवटी पिल्लू पवन.

हा मान माणसांना लवकर कळत नाही. चामोर्शीचे नूर मोहम्मद आम्हाला गूळ पुरवतात. पहिल्यांदा आले तेव्हा भीमाचे सुळे पाहून त्यांनी गुळाचा खडा थेट त्याच्यापुढं धरला. भीमा मागं सरला आणि आईकडं बघत राहिला. तिनं खाल्ला, मगच त्यानं सोंड पुढं केली.

"एवढा पैलवान, अन् भेते कोनाले?" त्यांनी आमच्या माहुताला, सुकलूला, विचारलं.

"मायले."

"मंग बराबर हाय! आमच्या घरी मिशा माह्या, पन चाबी बायकोजवळ."

तेव्हापासून पहिला खडा आईचा. धंद्याचा माणूस एकदा चुकला की शिकतो.

कागदवाल्यांचं तसं नाही. पवनची जन्मदाती तापानं गेली तेव्हा तो दूधपिता होता. त्याच महिन्यात माझं पिल्लू मेलेलं जन्मलं होतं. पान्हा तर होता, पिणारं कुणी नव्हतं. आईनं पवनला सोंडेनं ढकलत माझ्या पोटाशी आणलं. आता तिसरं वर्ष चाललंय, अजून लुचतो. मोजणीला आलेल्या बाबूनं टेप लावून त्याची उंची घेतली आणि विचारलं, "याची आई?"

"मेली जी," सुकलू म्हणाला. खोटं नव्हतं.

आमचं खाणं रांधणाऱ्या नीलाबाई चुलीजवळून ओरडल्या, "मेली काऊन म्हनतं रे? हे इतवारी कोन हाय मंग त्याची?"

बाबू हसला. लिहिलं: आई मयत, नातं नाही.

त्या ओळीवर वरून हुकूम निघाला: पिल्लू एकटंच आहे, दूरच्या कॅम्पात पाठवा.

आज सकाळी ट्रक आला. पवन फळीवर पाय ठेवेना. गूळ दाखवला, ऊस दाखवला. शेवटी ट्रकाबरोबर आलेल्या वनखात्याच्या साहेबांनी डोकं लढवलं, "इतवारीला आधी चढवा. तो मागं येईल. मग तिला उतरवून घ्या अन् त्याला आत अडवा."

मी चढले. पवन मागोमाग आला आणि लगेच दुधाला लागला.

"उतर इतवारी," सुकलू म्हणाला. मी नाही उतरले.

"अंकुश लाव ना!" साहेब ओरडले.

"लावतो साहेब, पन ते बिचकली तं पोरगं तिच्याच पायाखाली जाईन. जबाबदारी कोनाची?"

जबाबदारीचं नाव निघताच साहेब बाजूला जाऊन फोन करू लागले. अजून करताहेत.

खाली आई उभी आहे. मी गेले तर तिला कोवळा बांबू मोडून कोण देईल? भीमाला ते सुचत नाही. आणि तिनं हाक दिली तर मला पवनला इथंच टाकून उतरावं लागेल. कान तिकडंच लावून मी मघापासून डोलतेय. पवन पितोय, त्याला कसलीच खबर नाही.

साहेब, सौदा सरळ आहे. आईनं तोंड उघडायच्या आत ती ओळ खोडा आणि लिहा: आई, इतवारी. मी आत्ता उतरते. पोरगं माझ्या मागं येईल, त्याला गूळ दाखवावा लागणार नाही.