टाकीतला बर्फ

सपनाच्या कोंबड्या पाणी का पीत नाहीत, हे सोनगीरमध्ये कुणालाच सांगता येत नव्हतं, आणि जे सांगत होते त्यांचं ऐकून ती आणखीच चक्रावत होती. सासू कलाबाई म्हणायची, पाण्यातल्या बर्फाने सर्दी झाली असेल. नवरा सुयश म्हणायचा, जातच नाजूक आहे. तोवर रोज दुपारी एखादी कोंबडी मान टाकायची.

आज मोगरीने पंख सोडले होते. मोगरी म्हणजे सगळ्यांत आधी आणलेली, सपनाची हाक ओळखणारी पांढरी कोंबडी. तिला धुळ्याच्या कोंबडीवाल्याला विकायचं, असं सुयशने सकाळीच सांगून टाकलं होतं, "मरी जावापेक्षा इकी टाकू. संध्याकायले धुयाना गाडीवाला ई ऱ्हायना."

बरं, बाईने करायचं काय बाकी ठेवलं होतं? टाकीला ओलं गोणपाट, वर निंबाच्या फांद्यांची सावली, आत डब्यात गोठवलेला बर्फ. येता-जाता ती टाकीत हात घालून बघायची. पाणी माठातल्यासारखं गार. टाकीपासून शेतातली उरलेली ठिबकची काळी नळी खुराड्याच्या पत्र्यावरून फिरवून आत उतरवली होती. नळीला बारीक निप्पल, चोच मारली की थेंब पडायचा. पाणी घाण होत नाही म्हणून सपनाला या सोयीचा भारी अभिमान.

दुपारी कलाबाई मोरीपाशी भांडी घासायला बसली आणि खुराड्याचं दार नेमकं उघडं राहिलं. कोंबड्या धावत सुटल्या आणि राखेच्या गढूळ पाण्यावर तुटून पडल्या. मागून मोगरीही पाय ओढत निघाली. सपनाला अपमानच वाटला. तिने सगळ्यांना हुसकून परत आत घातलं.

"आई, ह्या मना पानीले तोंड का बरं लावतस नही?"

"माले काय ठाऊक?" कलाबाई हातातली कढई तशीच धरून म्हणाली. "राखनं पानी गोड लागस त्यासले, अन तुन्हं नही."

सपनाने मोगरीला काखेत घेतलं आणि तिची चोच निप्पलला लावली. मोगरीने मान झटकली. आता मात्र सपनाला राग आला. पी, मुकाट्याने पी, असं म्हणत तिने स्वतःच अंगठ्याने निप्पल दाबलं. थेंब मनगटावर पडला आणि तिने हात मागे ओढला. चहा गाळताना सांडावा तसा चटका बसला होता.

ती धावत टाकीपाशी गेली. पाणी गार. परत खुराड्यात आली. पाणी कढत. मधल्या अंगणात ती वेड्यासारखी उभी राहिली. मग तिची नजर पत्र्यावरच्या नळीवर गेली. हात लावला, तर धरवेना. थेंबाथेंबाने पाणी सरकणार, आणि चोचीपर्यंत पोहोचेतो उन्हात शिजून निघणार.

तिने टाकीतून लोटा भरला, परातीत ओतला आणि सावलीत मोगरीसमोर ठेवला. मोगरीने चोच बुडवली, मान वर केली, पुन्हा बुडवली. बाकीच्याही गोळा झाल्या.

"सुयशले फोन लाव," कलाबाई म्हणाली. "गाडीवालाले म्हनाव, येऊ नको."

सपनाला फोन लावता येईना, डोळे भरून आले होते. मेलेली प्रत्येक कोंबडी तिला त्या निप्पलखालीच सापडली होती. आणि दर वेळी ती धावत जाऊन टाकीत हात घालून आली होती.