वाइंडिंगवाली

अनंत चतुर्दशीला या वर्षी देवादिकांऐवजी आपल्या मिलचीच झांकी काढायची, असं गणेशोत्सव समितीनं ठरवलं. ते कानावर येताच शशिकलाबाईंनी समीरला रस्त्यात गाठलं.

"वाइंडिंगची एक बाई तरी बसव रे," त्या म्हणाल्या.

"बाई आहे काकू, मी सांगितलंय तुकोजीला," समीर म्हणाला आणि पलासियाला ऑफिसात निघून गेला. त्याचे वडील मिलमध्ये होते. त्यांच्यामागं समितीची कामं याच्या गळ्यात पडली होती.

मिल बंद होऊन एक पिढी सरली. परदेशीपुऱ्यातल्या मिलवस्तीतली माणसं मात्र अजून वर्गणी काढतात, ट्रॉलीवर दिव्यांचा देखावा उभा करतात, बाहुल्या हलत्या ठेवतात आणि चतुर्दशीला संध्याकाळी रस्त्यावर आणतात. आजवर राम झाला, कृष्ण झाला, समुद्रमंथन तर दोनदा झालं. शशिकलाबाई दर वर्षी बघायच्या. सूत बॉबिनवर गुंडाळायच्या वाइंडिंग खात्यात त्यांच्यासोबत बायकाच बायका होत्या. नवी यंत्रं आली तेव्हा सगळ्यात आधी याच बायका घरी बसल्या. मिल बंद पडली ती त्यानंतर बऱ्याच वर्षांनी. त्यामुळं मिलची गोष्ट निघाली की संप, मोर्चे, भोंगा सगळं निघतं. या बायका निघत नाहीत. बोलून उपयोग नसतो म्हणून शशिकलाबाईही बोलत नसत. झांकीचं ऐकलं आणि एवढं एक मागितलं.

चतुर्दशी जवळ आली तशा त्या झांकीच्या शेडमध्ये जाऊन आल्या. बाहुल्या बनवणाऱ्या तुकोजीनं काम छान केलं होतं. तीन माग, तीन विणकर, बॉयलरपुढं एक माणूस. बाईही होती. हिरवं लुगडं, नाकात नथ, हातात डबा. समोर एक कामगार दोन्ही हात पुढं करून उभा.

"ही कोण?" शशिकलाबाईंनी विचारलं.

"घरवाली. खाना लेके आली आहे," तुकोजी म्हणाला.

शशिकलाबाई मागं उभ्या समीरकडं वळल्या. "मग मी मागितलेली कुठंय?"

समीरनं मान खाजवली. "मी फक्त बाई बसव म्हणालो, काकू. चूक माझी आहे."

"अब तो मुश्किल है भिया," तुकोजी म्हणाला. "हिचा हात खालच्या चाकाला बांधलाय. पुढं जातो, मागं येतो. याच्या पलीकडं हिला काही जमायचं नाही."

"पुढं-मागं जमतंय ना? मग भरती करून घे," शशिकलाबाई म्हणाल्या. "डबा काढ आणि हातात धागा दे. दुसरं टोक त्या बॉबिनला बांध."

तुकोजी हसला आणि पक्कड शोधू लागला. डबा निघाला, जाड पांढरा दोरा आला. चाक फिरवून पाहिलं. बाई दोरा ओढत होती, सोडत होती. शशिकलाबाईंनी सांगितलं म्हणून नथही निघाली. राहिला समोरचा माणूस. त्याचे हात तसेच पसरलेले. ते खिळ्यांनी ठोकले होते, काढायला वेळ नव्हता.

"याला काय म्हणायचं?" समीरनं विचारलं.

"जॉबर म्हण. आमचा जॉबर, खात्याचा मुकादम, असाच उभा राहायचा. कामावर घ्यायचं तर आधी हात पसरायचा."

चतुर्दशीला शशिकलाबाई दिवेलागणीलाच रस्त्याच्या कडेला जागा धरून बसल्या. गर्दी वाढली. पोहे, भुट्टे, फुगे. आधीच्या झांक्या गेल्या आणि मग मिलची ट्रॉली वळणावर दिसली. समीरनं खात्याच्या नावाची पाटी लावली होती, पण कुणीतरी तिच्यावर झेंडूचा हार टाकला होता. मागच्या झांकीत कृष्णलीला होती, तिचा भोंगा गल्ली दणाणून टाकत होता.

शेजारी एक बाई लहान मुलीला घेऊन उभी होती. तिनं मुलीचे हात जुळवले. "पाँव पड़ो बेटा. यशोदा मैया छाछ बिलो रही है. सामने कन्हैया माखन माँग रहा है."

ताक घुसळणारी यशोदा समजून पुढचे दोघे-तिघेही हात जोडत होते. एका म्हाताऱ्यानं डोक्यावरची टोपी काढली.

शशिकलाबाईंनी पुन्हा ट्रॉलीकडं पाहिलं. दोरा पुढं जात होता, मागं येत होता. समोर जॉबर हात पसरून. त्या बाहुलीला यशोदा म्हणायला काहीच हरकत नव्हती. मूर्तीसारखी मूर्ती होती, लोक मनापासून नमस्कार करत होते.

"यशोदा नहीं है," त्या म्हणाल्या.

"फिर कौन है, माताजी?"

"मिलवाली. धागा टूट गया, जोड़ रही है. हम लोग करते थे."

त्या बाईनं एकदा शशिकलाबाईंकडं पाहिलं, एकदा ट्रॉलीकडं. मुलीचे हात अजून जुळलेले होते. "तो हाथ जोड़ें कि नहीं?"

ट्रॉली पुढं सरकू लागली होती.

"पहले बच्ची को ऊपर उठाओ," त्या म्हणाल्या. "उसके हाथ देखने दो, कैसे चलते हैं."