गच्चीवरचे खांब

सांता मोनिकातल्या त्या कंपनीत डोरीनने दोन वर्षं खपून एक अख्खं शहर उभं केलं होतं. 'स्टॉर्मजॅक' नावाचा सिनेमा उन्हाळ्यात यायचा होता आणि त्यावरचा व्हिडिओ गेम त्याच दिवशी दुकानांत हवा होता. खेळणाऱ्याने मनाला येईल त्या गल्लीत शिरावं, हवं तितकं भटकावं, असा तो गेम. म्हणून डोरीनने न्हाव्यांची दुकानं थाटली, चर्चच्या पायऱ्या झिजवल्या, जिन्यांवर कपडेसुद्धा वाळत घातले.

मग प्रोग्रामर वेंडेल आला. त्याने नायकाला वाऱ्यावर स्वार व्हायला शिकवलं. बटण दाबलं की स्टॉर्मजॅक गच्चीवरून झेपावायचा आणि तरंगत सुटायचा. सगळं ऑफिस वेंडेलच्या टेबलाभोवती गोळा झालं.

"जरा खालीही बघा की," डोरीन म्हणाली.

"खाली काय बघायचं? ट्रॅफिक?" कुणीतरी म्हणालं आणि सगळे हसले.

सिनेमावाले पाहायला आले तेव्हा त्यांनी वेंडेलचा हात सोडला नाही. जाता जाता एकाने डोरीनला विचारलं, "आणि तू काय करतेस?"

"शहर."

"अरे वा," म्हणून तो लिफ्टकडे वळला.

त्या दिवसापासून वेंडेलची शीळही तिला खुपू लागली. एका दुपारी तिने गेममधल्या बंदराजवळच्या सगळ्या गच्च्यांवर अँटेनाचे उंच खांब रोवले. शहर म्हटलं की अँटेना आल्याच, असं तिने स्वतःला समजावलं. पण वेंडेलचा नायक सगळ्यात सुरेख उडायचा तो तिथेच.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्टॉर्मजॅक खांबावर आदळला आणि पोत्यासारखा रस्त्यावर पडला. पुन्हा उडाला, पुन्हा पडला. डोरीनला त्या दिवशी जेवण गोड लागलं.

दोन दिवस वेंडेल टेबलावरून उठला नाही. मग त्याने सगळ्यांना बोलावलं. स्टॉर्मजॅकने खांब पकडला, त्याभोवती गिरकी घेतली आणि दुप्पट वेगाने सुटला. टाळ्या पडल्या. प्रमुख असलेली ग्रेटा म्हणाली, "वेंडेल, तू वेडा आहेस, बाबा." डोरीनला तिथे उभं राहवेना, ती बाहेर पडली.

वेंडेल तिच्या मागोमाग आला.

"खांब तुझेच ना?"

तिने लिफ्टचं बटण दाबलं.

"प्रत्येक फाइलवर बदल करणाऱ्याचं नाव पडतं, डोरीन. माझ्या नाकावर टिच्चून केलंस ते."

"मग ग्रेटाला का नाही सांगितलंस?"

"सांगणारच होतो. इतका संतापलो होतो. पण गिरकी जमली आणि मग राग धरायला वेळच नव्हता." तो थांबला. "बाकीच्या शहरातही लाव. कुठे ते तूच ठरव, मला गल्ल्या कळत नाहीत."

तिने लावले. धुसफुसत, पण नीट लावले.

गेम आला. वेंडेलने वर्तमानपत्रातलं परीक्षण मोठ्याने वाचलं. उड्डाणावर तीन परिच्छेद होते, त्याचं नावही होतं. शहराबद्दल एकच ओळ: 'शहर बरंच मोठं आहे.' वाचताना वेंडेलचा आवाज खाली आला.

"अभिनंदन," डोरीन म्हणाली. म्हणताना तिने त्याच्याकडे पाहिलं नाही, आणि ते वेंडेलच्या लक्षात आलं. वर्तमानपत्र तिच्यापुढे ठेवून तो तिच्यासाठी कॉफी आणायला गेला. तो परत येईपर्यंत डोरीन ती एकच ओळ वाचत बसली.