बोटांनी झिजलेली वाट

मी एक नकाशा आहे. भिंतीवरचा, मोठ्या शहराचा, हिरव्या काठाचा. नकाशाने असं बोलणं शोभत नाही, पण आधीच सांगून टाकलेलं बरं. मला सगळं नीट आठवतंय याची मला खात्री नाही. जी हकिगत सांगणार आहे, तिच्यातलं थोडं मी पाहिलं आणि बरंचसं माझ्यासमोर उभं राहून लोकांनी एकमेकांना सांगितलं. पाहिलेलं कुठे संपतं आणि ऐकलेलं कुठे सुरू होतं, तो सांधा आता मला सापडत नाही.

माझा जन्म छापखान्यात झाला. मला आखणारे गृहस्थ जाड भिंगाचा चष्मा लावत आणि एकेक गल्ली तीनतीनदा तपासून पाहत. काम पुरं झाल्यावरही ते छापखान्यात परत आले होते, ‘तलावाजवळचं वळण जरा जास्त तर झालं नाही ना?’ हे विचारायला. त्यांचा स्वभाव माझ्यात उतरला असावा. माझ्या अंगावर अक्षांश आहेत, रेखांश आहेत, कोपऱ्यात मोजपट्टी आहे आणि पायाशी रस्त्यांची सूची. म्हणजे मी चांगला शिकलेला आहे. पण शिक्षणाने धीर येतो हे खरं नाही. शहरात कुठे नवा पूल झाल्याचं कानावर आलं, की माझ्या काळजात धस्स होतं. आपण खोटे ठरलो, असं वाटतं.

मला विकत घेतलं ते एका लॉजच्या मालकिणीने. सगळे पाहुणे तिला मावशी म्हणत. तिचा नवरा ट्रामवर कंडक्टर होता आणि निवृत्त झाल्यापासून दाराजवळच्या खुर्चीत बसून असे. त्याला सगळे ट्रामवाले काका म्हणत. लॉज लहान, पण जागा मोक्याची. थोड्या अंतरावर बास्केटबॉलचं मोठं स्टेडियम होतं. सामना असला की वरच्या खोल्यांपासून जिन्याखालच्या कोंदट खोलीपर्यंत सगळं भरून जाई.

मी आलो तेव्हा माझ्यावर काच होती. पहिल्याच रंगकामात रंगाऱ्याची शिडी लागून ती फुटली. काका नवी काच आणायला निघाले, तर मावशी म्हणाली, “राहू द्या हो. आता बोट तरी लावता येईल.”

तिथूनच या घरातली एक रीत सुरू झाली. नवीन पाहुणा आला की मावशी त्याला आधी माझ्यासमोर उभं करी. त्याचं बोट धरून ते लॉजवर टेकवी आणि माझ्या अंगावरून घासत थेट स्टेडियमपर्यंत नेई. मग खोलीची किल्ली. डोळ्यांनी पाहिलेलं माणूस विसरतो, बोटाला मात्र लक्षात राहतं, असं तिचं म्हणणं. मोठमोठे व्यापारी, सुटाबुटातले साहेब, शाळकरी मुलांसारखे बोट पुढे करून उभे राहत.

बोट चालत असताना तोंडही चालू असे. मोठी पिशवी नेऊ नका, दारावर अडवतात, इथेच ठेवून जा. पुढच्या फाटकावर रांग असते, उत्तरेच्या फाटकाने आत शिरा. आतलं खाणं गार आणि बेचव, तेव्हा पोटात काहीतरी घालूनच निघा. आत गारठा असतो, स्वेटर घ्या. वरच्या रांगेत बसणार असाल तर कडेची जागा घ्या, म्हणजे कुणाच्या गुडघ्यांवरून जावं लागणार नाही.

इथपर्यंत नवराबायकोचं एकमत होतं. भांडण होतं ते परत येण्यावरून. काका खुर्चीतून सांगत, “सामना संपायच्या जरा आधी उठा. नाहीतर ट्राम मिळणार नाही. मी आयुष्यभर त्या ट्रामवर होतो, मला विचारा.”

मावशी म्हणे, “यांचं ऐकू नका. दिवे मंद होईपर्यंत बसून राहा. गर्दी जाऊ दे, मग आरामात या. शेवट सोडून यायचं, तर गेलात कशाला?”

“हिला काय जातंय? ट्राम चुकली की लोक शिव्या मला घालतात.”

“तुम्ही निवृत्त झालात. आता कोण घालतंय?”

असं वर्षानुवर्षं चाललं. आणि एक गोष्ट कुणाच्याच ध्यानात आली नाही. मावशीचं तोंड रस्त्याने जाई, पहिल्या चौकात डावीकडे, मग औषधांच्या दुकानापाशी उजवीकडे. बोट मात्र घाईत नाकासमोर सरळ ओढलं जाई, घरांवरून, भिंतींवरून. इतकी बोटं घासली की लॉजपासून स्टेडियमपर्यंत माझी छपाई उडाली आणि तिथे एक सरळ, पांढरी रेघ उमटली. मला ती अंगावरच्या जुन्या व्रणासारखी वाटे. लाजही वाटे आणि थोडा अभिमानही.

आता ते प्राध्यापक. एका हिवाळ्यात रात्रभराचा गाडीचा प्रवास करून दुपारी ते आले. इतिहास शिकवून निवृत्त झालेले, राखाडी कोट, हातात छोटी पेटी. किल्ली मागण्याआधीच त्यांनी मावशीला हळूच विचारलं, स्टेडियममध्ये अशी कुठली जागा आहे का, की जिथून आपल्याला सगळं दिसेल पण आपण कुणाला दिसणार नाही?

मावशीने त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मग सगळं बाहेर आलं. त्यांची नात संघात होती. या शहरात तिचा पहिलाच सामना. हा हंगाम संपला की ती परदेशातल्या संघात जाणार, आणि तिकडे जाणं त्यांच्या तब्येतीला झेपणारं नव्हतं. पाहायचं तर आजच. पण तिने निक्षून बजावलं होतं, आजोबा, तुम्ही येऊ नका. मागे एकदा ते गेले होते, तर तिचा एकही नेम लागला नव्हता. का, ते तिने सांगितलं नाही आणि विचारायचा धीर यांना झाला नाही.

“म्हणजे चोरून आलात,” काका म्हणाले.

“चोरून नाही. न सांगता,” प्राध्यापक म्हणाले. आणि मग पेटी खाली ठेवत, “हो, चोरूनच.”

मावशीने त्यांचंही बोट धरून फिरवलं. अगदी वरची रांग, कडेची जागा. दुरून डोंगर साजरे, म्हणाली. पण त्यांना बोलण्यापेक्षा छापलेल्यावर जास्त भरवसा. मावशी स्वयंपाकघरात गेली, काकांना डुलकी लागली, तसे ते चष्मा पुसत पुन्हा माझ्यासमोर आले. नाक जवळजवळ टेकवून त्यांनी मला वाचलं. असं नीट मला त्या चष्मेवाल्या गृहस्थांनंतर कुणी वाचलं नव्हतं. त्यांना ती पांढरी रेघ दिसली आणि चेहरा उजळला.

“पायवाट,” ते स्वतःशीच म्हणाले. “सरळ जाते. म्हणजे गर्दीही टळली.”

अहो, ती पायवाट नव्हे, ती माणसांची बोटं आहेत! मी मनातल्या मनात किती ओरडलो. पण नकाशाला हाक मारता येत नाही. त्यांनी रेघ कागदाच्या तुकड्यावर उतरवून घेतली आणि मागच्या दाराने बाहेर पडले. संध्याकाळ होईस्तोवर माझा जीव टांगणीला लागला होता. ज्याला फक्त एकदाच पाहायचं होतं, त्याला मी कुठल्या भिंतीवर नेऊन आपटलं असेल, कोण जाणे.

परत आले ते चांगले उशिरा, बुटांना चिखल, कोटाला चुना, आणि तोंडभर हसू. मावशीने गरम सूप समोर ठेवलं, पण ते बसायला तयार नाहीत. माझ्यापाशी येऊन, बोट लॉजवर टेकवून, त्यांनी सगळी हकिगत सांगितली.

मागच्या दारातून निघाले ते धोबीखान्याच्या अंगणात. चहूकडे ओल्या चादरी. त्यातून वाट काढताना एक चादर अंगावर आली आणि इस्त्री करणारी बाई हसून हसून खाली बसली. तरी यांचं आपलं, नकाशात आहे म्हणजे रस्ता आहे. पुढे शाळेचं मैदान, मग फुलांच्या घाऊक बाजाराची मागची बाजू, तिथे बादल्यांमधून उड्या. शेवटी एक पडकी भिंत. ती ओलांडून उतरले, आणि समोर स्टेडियमची पाठ. फाटक नाही, रांग नाही, एक साधं दार आणि शेजारी उभी बस. दाराच्या पायरीवर त्यांची नात बुटाच्या नाड्या बांधत बसली होती.

सगळं शहर टाळून माणूस यावा आणि ज्याच्यापासून लपायचं त्याच्याच पुढ्यात उतरावा! काका इतके हसले की खुर्ची करकरली.

“आजोबा? तुम्ही इथे?”

“रस्ता चुकलो,” हे म्हणाले.

“घरून निघून, रात्रभर गाडीत बसून, रस्ता चुकलात?”

इतिहासाचे प्राध्यापक बुटांवरचा चिखल पाहू लागले. तिने कोटावरचा चुना झटकला. म्हणाली, आता आलाच आहात तर ऐका. तिला त्यांच्या येण्याची भीती वाटत नव्हती. मागच्या खेपेला तिने नेम धरून वर पाहिलं होतं, आणि आजोबा दोन्ही हातांनी डोळे झाकून बसले होते.

“तुम्हाला बघवत नाही, असं दिसलं की मला वाटतं, आता चुकणारच,” ती म्हणाली. “कुठेही बसा. पण डोळे उघडे ठेवा.”

त्यांनी कबूल केलं.

सामना तर लवकरच हातचा गेला. तिचा संघ पार मागे पडला, आणि तिला मैदानात उतरवलंच नाही. ती बाकावर बसून, हे वर कडेच्या जागेवर. शेवट जवळ आला तसे लोक उठू लागले. काकांचा सल्ला शहरभर पसरलेला असावा, वरची अख्खी रांग रिकामी झाली. यांनाही ट्रामची काळजी. उठून दोन पायऱ्या उतरलेही. मग त्यांना मावशीचं बोलणं आठवलं, शेवट सोडून यायचं तर गेलात कशाला? ते परत वर गेले. आणि अगदी शेवटी, सामना कधीच हरल्यावर, तिला आत घेतलं. धक्का लागला, पडली, उठली, आणि तिला एक फ्री थ्रो मिळाला. एकटीने, उभं राहून, कुणी न अडवता मारायचा चेंडू.

“मग?” मावशीने विचारलं. तिच्या हातातला सुपाचा डाव हवेतच होता.

“मग मी डोळे उघडे ठेवले.”

चेंडू फळ्याला लागला, कड्यावर पडला, कड्यावरून फिरला आणि आत गेला. कसा फिरला ते दाखवायला त्यांनी माझ्या अंगावरच्या गोल तलावावर बोट ठेवलं. काठाने उजवीकडून फिरवलं. थांबले. मग डावीकडून.

“डावीकडून,” ते म्हणाले. “बहुतेक. मी साक्षीदार म्हणून फार कच्चा आहे हो.”

“सर, खरंच पाहिलंत ना?” काकांनी विचारलं. “की टाळ्या ऐकून सांगताय?”

“टाळ्या वाजल्याच नाहीत. लोक ट्रामकडे निघाले होते.”

मावशीने काकांकडे असं पाहिलं, की पुढे कितीतरी दिवस त्यांनी ट्रामचं नाव काढलं नाही. पण खरं सांगायचं तर शंका मलाही आली. जन्मभर डोळे झाकणारा माणूस, आणि एकदम उघडे ठेवतो? शिवाय डावीकडून की उजवीकडून ते ठरेना. मी शंकेखोर, आणि मला आखणाराही शंकेखोर.

त्यानंतर मावशी हौशी पाहुण्यांना दोन वाटा सांगू लागली, एक शहाण्यांची आणि एक सरांची. ‘काखेत कळसा आणि गावाला वळसा कशाला?’ म्हणून पुष्कळजण सरांच्या वाटेने गेले आणि कोटाला चुना लावून परत आले. धोबीखान्याच्या बाईने शेवटी चादरी जरा वर बांधल्या. पडक्या भिंतीत एक खिंडार होतं, ते पायांनी आणखी मोठं झालं.

हल्ली पाहुणे खिशातल्या फोनला रस्ता विचारतात. माझा रंग उडाला आहे, काठ फाटले आहेत, आणि माझ्यावरची अर्धी नावं आता शहरात नाहीत. तरी मावशी अजून प्रत्येकाचं बोट धरते, आणि मी अजून अंग पुढे करतो. माझी कुरकूर नाही. एवढंच मागणं आहे, एखाद्या जुन्या लॉजच्या भिंतीवर माझ्यासारखा कुणी दिसला, तर नुसतं बघून जाऊ नका. बोट लावा. आम्हाला घासलेलं आवडतं.

मागच्या हिवाळ्यात एक उंच बाई दारातून वाकून आत आली. तिने हाताला धरून एका फार म्हाताऱ्या माणसाला आणलं होतं. राखाडी कोट तोच. त्यांना काकांच्या खुर्चीत बसवलं, आणि ऊब लागताच त्यांनी डोळे मिटले. ती खेळ सोडून आता मुलींना शिकवत होती. मावशीशी बोलत बोलत माझ्यासमोर आली, पांढरी रेघ पाहून हसली आणि हळू आवाजात म्हणाली, “मावशी, एक सांगू? तो चेंडू मी पाहिलाच नाही. वर अख्खी रांग रिकामी आणि आजोबा एकटे, डोळे उघडे टाकून बसलेले. ते पाहिलं आणि मला इतकं भरून आलं, की फेकताना माझेच डोळे मिटले. कसा गेला, ते मला त्यांनीच सांगितलं.”

“आणि त्यांचं तरी खरं कशावरून?” मावशी म्हणाली.

नातीला नुकतंच त्या सामन्याचं जुनं चित्रण मिळालं होतं. तिने माझ्या तलावावर बोट ठेवलं. खुर्चीतून आवाज आला, “मी झोपलेलो नाही.”

बोट काठाने फिरलं. डावीकडून.